शाळेचं मैदान आणि वयात येणाऱ्या मुलांचं मन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं पुण्यातल्या माध्यमिक शाळांमधल्या पीटीच्या शिक्षकांसाठी आणि सातवी ते दहावीतल्या मुलामुलींच्या पालकांसाठी आहेत. काही प्रश्न दोघांचे आहेत, काही एकाचेच. आपल्या कामाचा प्रश्न थेट वाचला तरी चालेल.

खेळलं की मुलं आपोआप मनानं खंबीर होतात का?

आपोआप होत नाहीत. मैदानावर रोज चुका होतात, धाप लागते, सगळ्यांसमोर फजिती होते. त्यातून मूल घडतं, तसंच खचतंही. कोणत्या बाजूला जाईल हे तीन गोष्टींवर ठरतं. समोरची अडचण त्याच्या आवाक्यातली होती का? चुकल्यावर पुन्हा करून पाहायची संधी लगेच मिळाली का? आणि त्या क्षणी शेजारचं मोठं माणूस काय बोललं? या तिन्ही गोष्टी आधी ठरवता येतात, म्हणून पीटीच्या तासाची आखणी गणिताच्या तासाइतकीच मन लावून करावी लागते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून जमल्यानं, आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहिल्यानं, भरवशाच्या माणसाच्या शब्दानं, आणि छातीत होणाऱ्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो त्यानं. यात पहिली वाट सगळ्यात पक्की. शाळेत या चारही वाटा एका वेळी खुल्या होणारी जागा मैदानाइतकी दुसरी नाही.

‘खंबीर’ म्हणजे रडायचं नाही, दुखलं तरी बोलायचं नाही, असं का?

अजिबात नाही. या पानावर खंबीर म्हणजे सावरता येणारं मूल. हरल्यावर रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सरावाला आलं, तर ते सावरलं. दुखतंय हे वेळेवर सांगणं आणि ‘मला जमत नाहीये, दाखवाल का?’ असं विचारणं हाही त्याचाच भाग आहे. दुखणं लपवणाऱ्या मुलाला शाबासकी देत गेलं, की पुढे मनातलं दुखणंही ते लपवायला शिकतं.

आठवड्याला पीटीचे दोनच तास मिळतात. एवढ्यात काय होणार?

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की ५ ते १७ वयोगटातल्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस जोराचा व्यायाम, स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम असावा. आठवड्याचा हिशोब ४२० मिनिटांचा होतो. चाळीस मिनिटांचे दोन तास म्हणजे ८० मिनिटं, आणि त्यातूनही जिना उतरणं, रांग, हजेरी वजा जाते. तेव्हा शरीराची भूक दोन तासांत भागणार नाही, संध्याकाळचं मैदान लागतंच. पण मनाचं काम या दोन तासांत नीट होतं, कारण वर्गातलं प्रत्येक मूल तिथे असतं. शाळेच्या संघात दहा-बारा जण असतात, पीटीच्या तासाला साठच्या साठ.

चाळीस मिनिटांचा तास नेमका कसा आखावा?

साठ मुलं, एक शिक्षक, मध्यम आकाराचं मैदान असं धरून चालू.

पहिली पाच मिनिटं: दहा-दहाचे सहा गट. गट आकड्यांनी पाडा, म्हणजे ‘एक, दोन, तीन…’ म्हणायला लावून. दोन कप्तान पुढे उभे करून एकेकाला निवडायला लावू नका. शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं, आणि साऱ्या वर्गासमोर त्याची किंमत ठरून जाते. गटप्रमुख दर आठवड्याला बदला. हजेरी गटप्रमुखानंच द्यावी, त्यात तीन मिनिटं वाचतात.

पुढची सहा मिनिटं अंग गरम करणं. शिवाशिवी, मागे पळणं, गुडघे उचलून धावणं, खांदे आणि घोटे मोकळे करणं.

मग पंधरा मिनिटं ‘अवघड पण आवाक्यातलं’ काम. तासाचा गाभा हाच. समजा भिंतीवर खडूनं काढलेल्या चौकोनात चेंडू मारायचा आहे. तीन, पाच आणि सात मीटरवर रेघा ओढा. कुठून मारायचं हे मूल स्वतः ठरवेल. दहापैकी आठ किंवा जास्त लागले तर एक रेघ मागे, चारपेक्षा कमी लागले तर एक रेघ पुढे. अशानं प्रत्येक जण दहातले सहा-सात मारत राहतो, म्हणजे तीन-चार वेळा चुकतोही आणि लगेच पुन्हा मारतो. दहाही लागले तर शिकण्यासारखं काही उरत नाही, दहाही चुकले तर मूल चेंडू मारणंच सोडतं. हीच पद्धत पुल-अप, लांब उडी, सर्व्हिस, कशालाही लावता येते. प्रत्येक गटाला निदान दोन चेंडू हवेत. साठ मुलांत एक चेंडू असला तर पन्नास जण नुसते उभे राहतात. रबरी चेंडू महाग नसतात, वार्षिक खर्चात आधी तेच धरा.

नंतर दहा मिनिटं खेळ, पण त्यात एक ताण मुद्दाम घातलेला. ‘तुमचा संघ पाच गुणांनी मागे आहे आणि चार मिनिटं उरली आहेत’, किंवा ‘या डावात पंच दोन निर्णय चुकीचे देणार आहेत, कुणीही वाद घालायचा नाही’. ताण आधी सांगूनच घालायचा. न सांगता मुलांना फसवलं तर शिक्षकावरचा भरवसा जातो आणि तो परत मिळवायला वर्ष लागतं.

शेवटची चार मिनिटं बसून, जोडीजोडीनं, तीन प्रश्न: कुठे अडलं? अडल्यावर काय केलंस? हेच वर्गात किंवा घरी कुठे उपयोगी पडेल? घाईत सगळ्यात आधी ही चार मिनिटं कापली जातात आणि तिथेच काम बिघडतं. तिसरा प्रश्न विचारला नाही तर मैदानावर शिकलेलं मैदानावरच राहतं. कबड्डीत शेवटपर्यंत झुंजणारा मुलगा बीजगणिताच्या पेपरात पहिलंच गणित अडलं की पेन खाली ठेवतो. दोन्हीकडे करायचं एकच आहे हे त्याला कुणीतरी जोडून द्यावं लागतं.

कोणता खेळ यासाठी चांगला?

मुलाला आवडेल तो. तरीही प्रत्येक खेळ मनाचा वेगळा कोपरा तपासतो आणि शिक्षकाला ते ठाऊक असलं तर निवड नेमकी होते.

कबड्डीची रचनाच सावरण्याची आहे. बाद झालेला गडी कायमचा जात नाही, त्याच्या संघानं गडी टिपला की तो परत आत येतो. आपण चुकलो आणि सोबत्यांनी आपल्याला उठवलं, हा अनुभव चौदा वर्षांच्या मुलाला भाषणातून देता येणार नाही. ३० सेकंदांची चढाई दुसरं शिकवते: समोर सात जण, पाठीशी कुणी नाही, आणि निर्णय एकट्याचा.

खो-खोचे नियम बांधण्यात गेल्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यातल्या डेक्कन जिमखान्याचा पुढाकार होता, हे इथल्या मुलांना जरूर सांगावं. आठ जण चौकात बसलेले असतात, एक पळत असतो. बसलेल्याला आपला खो कधी येईल ते माहीत नसतं आणि आला की त्याच क्षणी उठायचं असतं. लक्ष टिकवण्याचा याहून चांगला सराव नाही. शिवाय पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की मागे वळता येत नाही. चूक उगाळत बसायला जागाच नसते, पुढच्या गड्याला खो देऊन खेळ चालू ठेवायचा.

मल्लखांब भीतीशी ओळख करून देतो. साधी आढी (पायांनी खांब पकडणं), मग उलटं लटकणं, मग उडी, अशा पायऱ्या असल्यानं भीतीचे लहान तुकडे करून ती एकेक तुकड्यानं संपवता येते. खाली जाड गादी आणि जाणता शिक्षक नसेल तर मात्र मल्लखांबाच्या वाटेला जाऊच नये.

लांब पल्ल्याचं धावणं संघात न रमणाऱ्या मुलांसाठी. तिथे तुलना स्वतःच्या कालच्या वेळेशी असते. पहिल्या आठवड्यात एक मिनिट धावणं आणि एक मिनिट चालणं, असं आठ वेळा. दर आठवड्याला धावणं अर्ध्या मिनिटानं वाढवा, चालणं एक मिनिटच ठेवा आणि फेऱ्या कमी करा. आठव्या आठवड्यापर्यंत बहुतेक मुलं न थांबता साडेचार मिनिटं धावतात. वेग एवढाच, की शेजारच्याशी एक वाक्य बोलता यावं. बहुतेकांचं बिनसतं ते पहिल्या दोनशे मीटरमध्ये सुसाट सुटल्यानं. मग पोटात कळ येते आणि मूल ठरवून टाकतं, ‘धावणं आपलं काम नाही.’

आमच्या शाळेला मैदानच नाही. पेठेतल्या इमारतीत कुठे खेळणार?

गच्ची, मधला चौक, लांब व्हरांडा, जे असेल ते चालतं. दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, जोर, बैठका, तोल सांभाळण्याचे खेळ यांना दोन मीटर जागा पुरते. ‘भिंतीला पाठ टेकून हवेतली खुर्ची’ हा व्यायाम मनासाठी उत्तम. वीस सेकंदांनी सुरुवात करून महिन्याभरात साठपर्यंत न्यायचा. मांड्या थरथरायला लागल्यावर डोक्यात कोणतं वाक्य येतं ते मुलांना टिपायला सांगा आणि त्याच्या जागी काय म्हणायचं ते त्यांनाच ठरवू द्या. ‘अजून पाच’ हे बहुतेकांना पुरतं.

महिन्यातून एकदा तरी बाहेर पडा. सारसबागेसमोरचं सणस मैदान आहे, तळजाई आणि हनुमान टेकडी आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तर पेठेतल्या शाळांच्या उंबऱ्यावर आहेत. पहिल्या खेपेला कुठल्या पायरीवर थांबावं लागलं ते प्रत्येकानं वहीत लिहायचं, पुढच्या महिन्यात पुन्हा. आतकरवाडीहून सिंहगड ही वर्षातली एक मोठी परीक्षा ठेवता येते. माणशी दीड-दोन लिटर पाणी, सकाळी सातच्या आत सुरुवात, सगळ्यात पुढे एक मोठं माणूस, सगळ्यात मागे दुसरं. जुलै-ऑगस्टमध्ये ती वाट निसरडी होते, तेव्हा डिसेंबर-जानेवारी बरे.

पावसाळा आणि उन्हाळा सोडला तर उरतं काय?

बरंच. पावसात ओल्या शहाबादी फरशीवर धावू द्यायचं नाही एवढं पाळा, बाकी व्हरांड्यातला तास पूर्ण होतो. मार्चपासून मैदानाचं काम सकाळी नऊच्या आत किंवा साडेपाचनंतर. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. डोकं दुखणं, मळमळ, बोलण्यात गोंधळ दिसला की लगेच सावलीत, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा. बोलणं असंबद्ध वाटत असेल तर थेट दवाखाना.

गणपतीआधीचे दोन महिने ढोलपथकात जाणारी मुलंही याच हिशोबात धरा. तीन-तीन तास कमरेला ढोल बांधून उभं राहणं हा मोठा श्रम आहे आणि झोपही कमी झालेली असते. अशा मुलाला दुसऱ्या दिवशी मैदानावर पिळून काढू नये. पथकातली शिस्त आणि सोबत मात्र मनाला फार बळ देते. ती तोडायला सांगू नका, कानात बोळे घालायला सांगा.

उशिरा येणाऱ्याला पाच फेऱ्या. शिस्तीसाठी हे योग्य नाही का?

नाही. ज्या गोष्टीची मुलाला आयुष्यभर गोडी लागावी अशी आपली इच्छा आहे, तीच शिक्षा म्हणून दिली तर धावणं आणि अपमान कायमचे जोडले जातात. शिवाय शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. उन्हात उभं करणं, कोंबडा करणं, वजनावरून हाक मारणं, सगळंच त्यात आलं.

त्याऐवजी उशिरा आलेल्यानं साहित्य गोळा करायचं, रेघा मारायच्या, गुणफलक सांभाळायचा. ज्या कामानं तास पुढे सरकतो ते काम त्याला द्यायचं. दोन-तीनदा उशीर झाला तर कारण विचारायचं, एकांतात. कधी उत्तर पीएमपीची बस असतं, कधी घरातलं भांडण.

बाद होण्याचे खेळ घ्यावेत का?

जपून. डॉजबॉल, संगीतखुर्ची, बाद झालं की बसायचं असे खेळ घेतले तर सगळ्यात कमी जमणारं मूल सगळ्यात आधी बसतं आणि सगळ्यात कमी खेळतं. सराव ज्याला हवा, त्यालाच मिळत नाही. कबड्डीसारखा परत येण्याचा नियम लावा: बाद झालेल्यानं कडेला दहा उड्या मारायच्या आणि पुन्हा आत यायचं.

आमची मुलगी/मुलगा मैदानावर जायलाच तयार नाही. काय करावं?

कारण शोधा, आळस हे क्वचितच असतं. चिडवणं, अंगाची लाज, चष्मा, दमा, आधी झालेली एखादी फजिती, किंवा कपडे बदलायला जागा नसणं. हे सरळ विचारून कळत नाही, ‘पीटीच्या तासात सगळ्यात नकोसा भाग कोणता?’ असं विचारलं तर कळतं.

मग सोबत एक जण आणि आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं. संघ नको, प्रेक्षक नकोत. पोहणं, सायकल, टेकडी, बॅडमिंटन. सहा आठवडे न टोकता चालू द्या. पालक स्वतः सोबत चालले तर निम्मं काम होतं. वजन कमी होईल हे आमिष दाखवू नका. वजन उतरलं नाही की मूल खेळ सोडतं, कारण तुम्हीच त्याला खेळण्याचं ते कारण दिलेलं असतं.

तेरा-चौदाच्या मुली खेळ का सोडतात?

गोष्टी साध्या असतात आणि शाळेला दुरुस्त करता येण्यासारख्या असतात. पांढरी पँट ही पहिली. गडद रंगाची ट्रॅक पँट द्या. पीटीच्या खोलीत सॅनिटरी पॅडची पेटी ठेवा, जिथून विचारल्याशिवाय घेता येईल. मैदानाजवळ पाणी असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. स्पोर्ट्स ब्रा हा चैनीचा खर्च नाही हे आईला बाईंनीच समजावून सांगावं.

पाळीत खेळायला हरकत नाही, हलक्या व्यायामानं पुष्कळ मुलींचं पोटदुखणं कमीही होतं. पण ठरवायचं तिनं. ‘आज मी हलकं करीन’ एवढं वाक्य पुरेसं मानावं, कारण विचारू नये. मुलगी लवकर दमते, जिना चढताना धापते, फिकी दिसते, तर ते मनाचं कमकुवतपण समजू नका, आधी हिमोग्लोबिन तपासा. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती जेवणानंतर नीट घेतली जाते ना ते पाहा. अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला ‘मन घट्ट कर’ म्हणणं हा अन्याय आहे.

सामना हरून मूल घरी आलं. काय बोलावं?

पहिला तासभर सामन्याबद्दल काहीच बोलू नका. ‘भूक लागलीय का?’ हा चांगला प्रश्न आहे. गाडीवर मागे बसलेल्या मुलाला मैदानापासून घरापर्यंत चुका ऐकवल्या की पुढच्या वेळी ते चुका टाळायलाच खेळतं, खेळायला खेळत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन प्रश्न विचारा: काय चांगलं जमलं? पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट बदलायची तर कोणती? उत्तर मुलाकडून यायला हवं, आलं नाही तर वाट पाहावी.

‘जाऊ दे, हारजीत व्हायचीच’ हे प्रेमानं म्हटलं जातं, पण त्यानं संवाद संपतो. ‘वाईट वाटणारच, तीन महिने मेहनत घेतली होतीस’ असं म्हटलं तर मूल पुढे बोलतं. पंचांना दोष देणं आणि शेजारच्या मुलाशी तुलना, दोन्ही कटाक्षानं टाळा.

निवड चाचणीत नाव आलं नाही आणि मुलगा दोन दिवस जेवला नाही. चूक कुणाची?

निवडीचे निकष आधी सांगितले नसतील, तर शाळेची. काय पाहणार, किती जागा, कधी, हे चाचणीच्या दोन आठवडे आधी लेखी लावावं. ज्यांची निवड झाली नाही त्यांना शिक्षकांनी समोर बसवून सांगावं आणि नंतरच यादी लावावी. व्हॉट्सॲपच्या गटावर नावं टाकून मोकळं होणं म्हणजे दार तोंडावर आपटणं.

त्या पाच मिनिटांच्या बोलण्यात चार गोष्टी असाव्यात. निर्णय काय झाला, स्पष्ट शब्दांत. एक नेमकी उणीव, जशी ‘डावीकडून होणारी पकड उशिरा पडते’. ती भरून काढायचा सराव. आणि पुढची संधी कधी. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात आणि महापालिका किंवा तालुक्यापासून जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. त्यामुळे एका वर्षी हुकलेल्याला पुढे वाट असते. हे मुलाला कागदावर काढून दाखवा, त्या वयात पुढचं वर्ष दिसत नसतं.

दोन दिवस न जेवणं हे दुःख आहे, पुष्कळदा ते ओसरतं. पंधरा दिवस तसंच राहिलं तर खालचा तज्ज्ञांबद्दलचा प्रश्न वाचा.

मोठ्या खेळाडूंच्या गोष्टी सांगून उपयोग होतो का?

होतो, पण गोष्ट पूर्ण सांगितली तर. खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीचं कांस्यपदक सगळे सांगतात. १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले होते, मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटची सवय नव्हती, हे सांगायचं राहून जातं. मुलाच्या कामाची आहेत ती मधली चार वर्षं. बालेवाडीच्या संकुलात सराव केलेला नेमबाज स्वप्निल कुसाळे २०२२ च्या जागतिक स्पर्धेत चौथा आला, म्हणजे पदक एका जागेनं हुकलं. दोन वर्षांनी पॅरिसला त्यानं कांस्यपदक घेतलं.

तरीही सगळ्यात जास्त परिणाम होतो तो एक-दोन वर्षांनी मोठ्या, त्याच शाळेतल्या ताई-दादाचा. गेल्या वर्षी निवड हुकलेली आणि यंदा संघात असलेली दहावीतली मुलगी आठवीच्या वर्गात दहा मिनिटं बोलली, तर ते ऑलिंपिकपेक्षा जवळचं वाटतं.

सामन्याआधी पोटात गोळा येतो, हात गार पडतात. हे कसं थांबवावं?

थांबवायची गरज नाही. धडधड म्हणजे शरीर तयार होतंय, हे मुलाला आधी सांगा. ती जास्त झाली तर श्वास: नाकानं चार मोजत आत, सहा मोजत हळू बाहेर, असे दहा. दीड-दोन मिनिटं लागतात. बाहेर सोडणं लांब असलं की नाडी हळूहळू खाली येते. पण ही गोष्ट सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा शिकवली तर चालत नाही. तीन आठवडे आधीपासून रोज सरावाच्या शेवटी करून घ्यायची, म्हणजे दडपणात ती आपसूक आठवते.

सोबत एक ठरलेला क्रम: बुटाच्या नाड्या, तीन उड्या, एक शब्द. शब्द मुलानं निवडावा आणि तो करायच्या कामाचा असावा, जसा ‘नजर’ किंवा ‘पाय’. ‘हरायचं नाही’ असलं वाक्य नको, त्यानं मन हरण्याकडेच जातं.

खाणं दोन-तीन तास आधी: पोहे, उपमा, पोळीभाजी. पाऊण तास आधी एक केळं. वडापाव आणि मिसळ सामन्यानंतर.

दुखापत झाली की मुलं एवढी का खचतात?

कारण खेळासोबत मित्र आणि ओळखही जाते. पाय मुरगळला तर आधी खेळ थांबवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, पाय उंचावर. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे. डोक्याला मार लागला असेल तर त्या दिवशी परत खेळवायचंच नाही, मूल कितीही बरं दिसो.

मनासाठी औषध एकच: सराव सोडू द्यायचा नाही. गुण लिहिणं, वेळ मोजणं, धाकट्यांना शिकवणं. आणि बरं होण्याचे छोटे टप्पे लिहून ठेवणं: या आठवड्यात एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, पुढच्या आठवड्यात तीस.

दहावीच्या वर्षी खेळ बंद करावा का?

बंद करू नये, कमी करावा. खेळ तोडून मिळालेला तास बहुतेक घरांत अभ्यासात जात नाही, मोबाईलमध्ये जातो. डिसेंबरपर्यंत आठवड्यातून चार दिवस चाळीस-पन्नास मिनिटं. जानेवारीपासून परीक्षेपर्यंत रोज पंचवीस-तीस मिनिटं, क्लासच्या आधी किंवा दोन विषयांच्या मध्ये. स्पर्धा नको, दुखापतीची भीती असलेला खेळ नको, भरभर चालणं, दोरीच्या उड्या, बॅडमिंटन चालेल. झोप आठ तासांच्या खाली नको. या वयाला आठ ते दहा तास लागतात आणि रात्री एकपर्यंत जागून पाठ केलेलं सकाळी हरवतं.

क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी शाळेमार्फत वेळेत प्रस्ताव जावा लागतो. प्रमाणपत्रं मूळ आणि छायाप्रत दोन्ही जपून ठेवा, नावाची अक्षरं शाळेच्या नोंदीशी जुळतात ना ते आत्ताच पाहा. पण केवळ त्या गुणांसाठी खेळायला लावू नका, मुलांना ते लगेच कळतं.

मूल खरंच सावरायला शिकतंय हे कसं कळेल?

गुणपत्रिका करू नका, एक वही ठेवा. सहा आठवड्यांतून एकदा प्रत्येक मुलाबद्दल तीन नोंदी. चूक झाल्यावर पुन्हा खेळात यायला किती वेळ लागला? वाईट गेलेल्या दिवसानंतरच्या दिवशी आलं का? मदत मागितली किंवा दिली का? सोबत ६०० मीटरची वेळ आणि जोर-बैठकांचा आकडा, पण तो फक्त त्या मुलाला दाखवायचा, मोठ्यानं वाचायचा नाही.

साठ मुलांची वही एकट्या शिक्षकाला जमत नाही, म्हणून एका तासाला एकच गट पाहायचा. दोन तासांच्या आठवड्यात तीन आठवड्यांत पूर्ण वर्ग होतो.

खेळानं भागणार नाही, तज्ज्ञ हवा, हे कधी ओळखावं?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास किंवा चिडचिडं राहणं, झोप किंवा भूक पार बिघडणं, आवडता खेळ अचानक सोडणं, मित्र तोडणं. हातावर कापल्याच्या खुणा, उन्हाळ्यातही न काढलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट. ‘मी नसलो तर बरं होईल’ अशा अर्थाचं कोणतंही बोलणं. उलट बाजूनंही पाहा: दुखत असताना गुपचूप व्यायाम, जेवण टाळणं, मुलीची पाळी सलग तीन महिने न येणं. हे शिस्तीसारखं दिसतं आणि म्हणून त्याचं कौतुक होतं, पण तो आजार असू शकतो.

मरणाचे विचार येतात का, हे शांतपणे, थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, बहुतेक मुलांना कुणीतरी विचारल्याचं हायसं वाटतं. होकार आला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी पालकांना बोलवा आणि दवाखाना गाठा. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक पीटीच्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूनं लावा. तिथे उभं राहून वाचताना कुणी पाहत नाही.